सिन्नर किती सुरक्षित? गुन्ह्यांचे आकडे आणि ते वाचण्याची रीत

गुन्ह्यांचे प्रमाण काढण्याचे गणित सोपे आहे. वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येला त्या भागाच्या लोकसंख्येने भागायचे आणि एक लाखाने गुणायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल काढतो, त्यात सगळी राज्ये याच मापाने मोजलेली असतात. 2022 च्या अहवालानुसार देशात 58 लाख 24 हजारांवर गुन्हे नोंदले गेले. प्रमाण लाखामागे 422. त्याच वर्षी खुनाचे 28,522 गुन्हे दाखल झाले, म्हणजे लाखामागे 2.1. देश, राज्य किंवा मुंबईसारखे महानगर यांच्यासाठी हे माप बऱ्यापैकी काम देते. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावाला, आणि त्यातही एखाद्या वसाहतीला ते लावले की अडचणी सुरू होतात.

सिन्नर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 65 हजार होती. एवढ्या वस्तीत वर्षात एक खून झाला तर प्रमाण लाखामागे 1.5 भरते आणि शहर देशाच्या सरासरीपेक्षा सुरक्षित ठरते. दुसरा खून झाला की तेच प्रमाण 3 वर जाते आणि शहर सरासरीपेक्षा धोकादायक ठरते. फरक फक्त एका घटनेचा. ती घटना भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणाची असेल, तर सरदवाडी रोडने रात्री पायी घरी जाणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेशी तिचा काहीही संबंध नसतो. म्हणून खून, दरोडा असे विरळ गुन्हे लहान शहरात एका वर्षावरून जोखू नयेत; निदान पाच वर्षांची सरासरी धरावी. चोरी, घरफोडी, दुचाकीचोरी यांची संख्या मोठी असते. ते आकडे वर्षागणिक एवढे उसळत नाहीत आणि वस्तीचे रोजचे चित्र त्यांतूनच अधिक कळते.

भागाकारातला छेदही डळमळीत आहे. 2001 मध्ये सिन्नरची लोकसंख्या 32 हजारांच्या आत होती, ती पुढच्या दहा वर्षांत दुपटीवर गेली. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता ती 2027 साली व्हायची आहे. या मधल्या काळात माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने किती माणसे भाड्याच्या खोल्यांत राहायला आली, हे जुन्या शिरगणतीत सापडणार नाही. शिवाय नाशिकहून पाळीला येणारे कामगार, पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांतले प्रवासी, शिर्डीची वाट चालणारे साईभक्त यांतले कोणीही इथले रहिवासी नाही. त्यांच्यापैकी कोणाची पिशवी आडव्या फाट्यावर गेली तर तो गुन्हा सिन्नरच्या नावावर चढतो, पण ती माणसे लोकसंख्येत मोजलेली नसतात. शिर्डीचे उदाहरण याहून ठळक आहे. तिथली लोकसंख्या 2011 मध्ये 36 हजार होती आणि दर्शनाला रोज हजारो लोक येतात. अशा गावाचे दरलाखी प्रमाण गावकऱ्यांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

आकडा नेमका कोणाचा, हाही प्रश्न आहेच. नाशिक जिल्ह्यासाठी पोलिसांच्या नोंदी दोन घटकांत विभागलेल्या आहेत: नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण पोलीस. सिन्नर ग्रामीणमध्ये मोडते आणि मालेगाव, येवला, इगतपुरी, सुरगाणाही त्यातच. ‘नाशिकमध्ये गुन्हेगारी वाढली’ अशी बातमी येते तेव्हा ती बहुधा आयुक्तालयाच्या हद्दीबद्दल असते. सिन्नरकरांनी ती स्वतःला लावून घेण्याचे कारण नसते. उलट ग्रामीणची बेरीज घेतली तर मालेगावची दाट वस्ती आणि सुरगाण्याचे पाडे एकाच आकड्यात येतात. तालुक्यातही सिन्नर, एमआयडीसी आणि वावी अशी वेगवेगळी पोलीस ठाणी आहेत. शहरात राहणारा कामगार मुसळगावहून परतताना लुटला गेला तर गुन्हा एमआयडीसी ठाण्यात नोंदला जातो. एका वसाहतीपुरता आकडा हवा असेल तर तो बीटच्या पातळीवरच मिळू शकतो, आणि छापील अहवालांत तो कधीच नसतो.

सर्वांत मोठी गफलत मात्र याच्याही आधी, तक्रार ठाण्याच्या पायरीवर पोहोचते तेव्हा होते. आठवडे बाजारात एखाद्याचा मोबाइल खिशातून गेला असे समजू. त्याला तातडीने हवे असते ते जुन्याच नंबरचे नवे सिमकार्ड, आणि त्यासाठी लागतो पोलिसांचा शिक्का असलेला कागद. ‘मोबाइल गहाळ झाला’ असा अर्ज दिला की तो कागद मिळतो आणि काम भागते. ‘मोबाइल चोरीला गेला’ असा जबाब दिला की गुन्हा दाखल होतो, त्याला गु.र.नं. पडतो, तपासी अंमलदार नेमला जातो, पंचनामा होतो, आणि मुद्देमाल सापडला तर कोर्टाचे हेलपाटेही पडतात. फोन तोच, खिसा तोच. पण पहिल्या कागदाने गुन्ह्यांच्या प्रमाणात शून्याची भर पडते आणि दुसऱ्याने एकाची. बहुतेक लोक आपणहून पहिला मार्ग धरतात. काही ठिकाणी त्यांना तो धरायला लावले जाते, कारण उघडकीस न आलेली चोरी ठाण्याच्या कामगिरीवर डाग ठरते.

शिवीगाळ, धमकी, किरकोळ मारहाण यांची नोंद अदखलपात्र, म्हणजे बोलीत ‘एनसी’, म्हणून होते आणि ती दरलाखी प्रमाणात धरली जात नाही. शेजारच्या गुंडाने चार वेळा दम दिला तरी आकड्याच्या लेखी वस्ती शांतच असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवण्याची आणि ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत सही करण्याची सोय केली. महामार्गावरच्या गावाला याचा उपयोग मोठा आहे. वाटेत लुटला गेलेला प्रवासी ‘ही आमची हद्द नाही’ या उत्तरापाशी अडकून पडायचा, त्याला आता कायद्याचा आधार आहे.

ठाण्याच्या आतली नोंदही दोन जातींची असते. महाराष्ट्रात भाग 1 ते 5 मध्ये खून, चोरी, दुखापत, फसवणूक असे दंडविधानातले गुन्हे येतात, तर भाग 6 मध्ये दारूबंदी, जुगार यांसारख्या विशेष कायद्यांखालचे. भाग 1 ते 5 मधले गुन्हे बहुतेक फिर्यादी घेऊन येतो. भाग 6 मधले पोलीस स्वतः छापा घालून शोधून काढतात. गावठी दारूच्या अड्ड्यांवर महिनाभर धाडी पडल्या की भाग 6 चा आकडा फुगतो. हा आकडा गुन्हेगारीपेक्षा पोलिसांच्या हालचालीचा असतो, आणि दोन्ही जातींची बेरीज करून निष्कर्ष काढणाऱ्या बातम्या वाचकाची दिशाभूल करतात.

2020 साली हे देशपातळीवर घडले. टाळेबंदीत लोक घरात होते, चोऱ्या घटल्या होत्या, तरी एकूण गुन्ह्यांचे प्रमाण लाखामागे 487 वर गेले. कारण सरकारी आदेश मोडल्याबद्दलच्या कलम 188 खालील गुन्हे 2019 मधल्या सुमारे 29 हजारांवरून 6 लाखांपलीकडे गेले होते. मोजणीचा आणखी एक नियम सहसा लक्षात घेतला जात नाही: एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी एनसीआरबी त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. घरफोडी करताना चोराने जीव घेतला, तर आकड्यांत खून दिसतो आणि घरफोडी नाहीशी होते.

आकडा उलट दिशेनेही हलतो. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांध, वहिवाट, घरगुती भांडणे गावातच मिटवायची आणि गाव तंटामुक्त झाले की बक्षीस मिळवायचे, अशी ती योजना. तिने कोर्टकज्जे वाचले आणि पुष्कळ घरांत पुन्हा बोलचाल सुरू झाली, हे तिचे श्रेय आहेच. पण बक्षीस कमी नोंदींवर ठेवले की तक्रार करू पाहणाऱ्या बाईवर ‘गावाचे नाव जाईल’ असा दबाव येऊ शकतो, ही जोखीमही त्याच रचनेत आहे. नोंद घटण्याची दोन कारणे असतात, आणि कागदावर ती सारखीच दिसतात.

नोंदीबाहेर किती राहते, हे लोकांनाच विचारून शोधता येते. इंग्लंडमध्ये 1982 पासून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर कोणता गुन्हा घडला’ असे विचारणारी पाहणी होते. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू इथे अशी पाहणी केली. चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली निघाले. महानगरांत ही स्थिती असेल तर तालुक्याच्या गावाचा नोंदलेला आकडा खऱ्या संख्येच्या जवळ असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. म्हणून एखाद्या ठाण्यात तक्रार घेणे सोपे झाले, महिला अंमलदार आली, ऑनलाइन नोंद सुरू झाली आणि त्यानंतर आकडा वाढला, तर ती बहुधा चांगली बातमी असते.

आता वस्तीकडे. 1979 मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी मांडलेला विचार आजही गुन्ह्यांच्या अभ्यासाचा पाया आहे. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: गुन्ह्याला तयार असलेला माणूस, सोपे सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. राखणदार म्हणजे पोलीसच असे नाही. शेजारीण, टपरीवाला, वॉचमन, येणारेजाणारे, कोणीही. तिन्हींपैकी एक गोष्ट काढली की गुन्हा टळतो.

सिन्नरचे जुने गावठाण या कसोटीवर बलवान आहे. अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागून घरे, रस्त्यावर उघडणारे ओटे. विडी वळणे हा इथला पिढ्यांचा घरगुती धंदा. मांडीवर सूप घेऊन पाने कापणाऱ्या, विड्या बांधणाऱ्या बायकांची नजर दिवसभर गल्लीवर असायची. नवा माणूस आला की ‘कोणाकडे जायचंय?’ असा प्रश्न पहिल्या तीन घरांतच यायचा. जेन जेकब्ज हिने 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांबद्दल ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हणून जे मांडले, ते वावी वेशीकडच्या गल्ल्यांनी कोणत्याही पुस्तकाविना पाळले होते.

गावाबाहेरच्या एनए प्लॉटिंगमध्ये हे उलटते. बंगले सुटे आणि आवारभिंतीआड, मधले प्लॉट मोकळे आणि त्यांवर वेड्या बाभळी. नवरा-बायको दोघेही कामावर, म्हणून सकाळी नऊपासून सहापर्यंत कुलूप. दिवाळीची सुट्टी आणि लग्नसराई आली की कुलूप आठवडाभर, दारात दूधपिशव्या आणि वर्तमानपत्रे साचलेली. घरात दागिने, कारण लग्नासाठी नुकतेच बँकेच्या लॉकरमधून काढलेले. ले-आउट नगरपालिकेकडे हस्तांतरित होईपर्यंत पथदिवे अनेकदा कोणाचेच नसतात. अशा वसाहतीत दिवसा घरफोडी होते याचे आश्चर्य वाटायला नको. त्यासाठी वस्तीत गुन्हेगार राहावे लागत नाहीत. महामार्ग हाकेच्या अंतरावर असणे पुरते. सिन्नरला नाशिक-पुणे, शिर्डी आणि घोटी हे रस्ते एकत्र येतात, आणि मे 2023 पासून गोंद्याजवळून समृद्धी महामार्गही वाहू लागला. मंगळसूत्र हिसकावणारा दुचाकीस्वार अर्ध्या तासात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असतो. हिसकावून नेण्याला भारतीय न्याय संहितेने कलम 304 खाली आता स्वतंत्र गुन्ह्याचा दर्जा दिला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांत हा प्रकार साध्या चोरीत मिसळून न जाता वेगळा मोजता येईल.

औद्योगिक वसाहतीची वेळ निराळी असते. धोका साचतो तो दुसरी पाळी सुटते तेव्हा, रात्री अकराच्या सुमारास, आणि पगाराच्या आठवड्यात. एकटा, पायी, खिशात फोन आणि रोकड, रस्ता अंधारा, भाषा परकी. परप्रांतीय कामगाराकडे बंदोबस्ताच्या चर्चेत संशयित म्हणून पाहिले जाते. लुटला जाण्याची शक्यता त्याचीच अधिक आणि ठाण्यात जाण्याची सर्वांत कमी, ही बाजू क्वचितच मांडली जाते. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचा नियम उपयोगी आहे, पण त्याने या माणसाचा घरी परतण्याचा रस्ता उजळत नाही.

गुन्हे सगळीकडे सारखे पसरत नाहीत, हा या विषयातला सर्वांत कामाचा शोध. लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मिनियापोलिस शहरातले पोलिसांना आलेले फोन तपासले. निम्मे फोन शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून आलेले होते. बदनाम म्हणवल्या जाणाऱ्या वस्तीतही बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि त्रास दोनचार ठिकाणी एकवटलेला असतो: दारूच्या दुकानाबाहेरचा कोपरा, बसस्थानकामागची गल्ली, बंद पडलेले शेड. गुन्हा त्याच घराकडे परतूनही येतो. इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत 1980 च्या दशकात असे दिसले की एकदा घरफोडी झालेले घर लवकरच पुन्हा फोडले जाते. तिथे घरोघरी नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर होते आणि चोर येत ते त्या नाण्यांसाठी. मीटर बदलले, फुटलेल्या घरांची कुलपे-कड्या लगेच मजबूत केल्या, भोवतालच्या चारसहा घरांना लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या पाऊणपट घटल्या. घरफोडीनंतरचे दोन आठवडे त्याच घराला आणि शेजारच्या घरांना अधिक जोखमीचे असतात. रात्रगस्तीची गाडी साऱ्या शहरात एकसारखी फिरवण्यापेक्षा त्या दिवसांत त्या गल्लीत दोन फेऱ्या जास्त मारणे अधिक फळते.

उपायांत दिव्यांचे महत्त्व प्रयोगाने सिद्ध झाले आहे. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सार्वजनिक गृहवसाहतींपैकी काही, जणू चिठ्ठ्या टाकून, निवडून तिथे प्रखर दिवे लावले. रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. सीसीटीव्हीचा परिणाम एवढा एकसारखा नाही. वाहनतळात तो चांगला दिसतो, भर चौकातल्या हाणामारीवर फारसा नाही. तपासात मात्र त्याचा उपयोग निर्विवाद आहे, कॅमेरा चालू असेल आणि गाडीचा नंबर वाचता येईल एवढ्या उंचीवर बसवलेला असेल तर. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे या ग्रामीण पट्ट्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरात आली. एका ठरावीक क्रमांकावर फोन केला की नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर तोच आवाज पोहोचतो. मळ्यातल्या एकाकी वस्तीसाठी ही सोय पोलीस गाडीपेक्षा लवकर धावते. आसपासच्या गावांत 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटीलही असतो. गाव शहरात विरघळू लागले की त्याचा धाक आणि ओळख ओसरते, आणि नव्या वसाहतीत त्याच्या जागी कोणीच येत नाही.

लोकांनी आपापसात जागते राहणे आणि जमावाने न्याय करणे यांत मात्र अंतर ठेवावेच लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी असल्याच्या व्हॉट्सॲप अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांचा कसलाही गुन्हा नव्हता. भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारणारा 1871 चा कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाला, तरी ‘संशयास्पद माणूस’ म्हटले की नजर अजून त्यांच्याकडेच वळते. राईनपाड्यात भीतीच गुन्ह्याचे कारण ठरली. वस्तीच्या ग्रुपवर ‘चोर आले’ असा मजकूर पुढे ढकलण्याआधी 112 ला फोन करणे हा तिथला धडा आहे.

भीती आणि प्रत्यक्ष धोका यांची मापे वेगळी आहेत. बायकांच्या बाबतीत नोंदलेले गुन्हे कमी आणि भीती जास्त असे दिसते, त्यावरून भीती निराधार ठरवणे चूक आहे. छेडछाड, पाठलाग नोंदीत फारसे येत नाहीत. शिवाय बाई ज्या रस्त्याने सातनंतर जातच नाही, त्या रस्त्यावर तिच्याविरुद्ध गुन्हा नोंदला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो रस्ता आकड्यांत सुरक्षित दिसतो. दुसऱ्या बाजूला, ज्याला कोणी फारसे भीत नाही तो धोका सर्वांत मोठा असतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, खुनांच्या जवळजवळ सहापट. 13 जानेवारी 2023 रोजी सिन्नर तालुक्यात पाथरेजवळ साईभक्तांची बस आणि ट्रक यांच्या धडकेत दहा जणांचा जीव गेला. महामार्गावरच्या गावाच्या सुरक्षिततेचा हिशेब दुभाजकातले बेकायदा छेद, वळणावरचे उभे ट्रक आणि फाट्यावरचे न पेटणारे दिवे धरल्याशिवाय पुरा होत नाही.

वस्तीचा स्वतःचा आकडा रहिवाशांना मिळवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 सप्टेंबर 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. ठाणे निवडून वर्षभराचे एफआयआर वाचले की प्रकार, जागा, वार आणि वेळ यांची वही तयार होते. गहाळ मोबाइलचे अर्ज, एनसी आणि 112 वर आलेले फोन यांची बीटनिहाय संख्या माहिती अधिकारात मागता येते. ही दोन टिपणे शेजारी ठेवली की पुष्कळ गोष्टी उघड होतात. गहाळचे अर्ज भराभर वाढले आणि चोरीचे गुन्हे जागच्या जागी राहिले, तर चोऱ्या कागद बदलत आहेत. 112 चे फोन वाढले आणि एफआयआर घटले, तर ठाण्यात तक्रार घेतली जाते की नाही हे विचारायला हवे. दोन्ही एकाच वेळी घटले, आणि तेही नवे दिवे लागलेल्या गल्लीतच, तर पुढच्या वसाहतीच्या दिव्यांसाठी नगरपालिकेकडे द्यायच्या अर्जाला जोडायचा पुरावा तयार असतो.